डावीकडचं बेअरिंग

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या पिशवीला टेकून पडलं होतं. सकाळी आईने ते पाहिलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. घरात माणसांना धड बर्फाचा खडा मिळत नाही आणि चाकांचे लाड चाललेत, असं तिचं म्हणणं होतं. बाबांनी मान डोलावली. त्यांना त्यातलं किती ऐकू आलं हे सांगणं अवघड होतं, कारण गेली काही वर्षं ते सगळ्यालाच मान डोलावत होते.

लाड वगैरे काही नव्हतं. लोखंड गार केलं की केसभर आकसतं आणि आपल्या जागेत शिरताना कमी कुरकुर करतं, एवढंच. बाबांनी बसच्या डेपोत फिटर म्हणून उभी हयात काढली होती आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तसाच संसार मांडला होता: व्हाइस, घण, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. डेपोत त्यांच्या कानाचा दबदबा होता. बस फाटकातून आत शिरायच्या आधीच, हातातला चहा खाली न ठेवता, ते मागचं कुठलं चाक बोलतंय ते सांगत. अशा माणसाचा कान जातो तेव्हा ते सगळ्यांत शेवटी त्यालाच कळतं. किंवा सगळ्यांत आधी कळतं आणि तो कुणाला कळू देत नाही. बाबा यातले कुठले, यावर घरात एकमत नव्हतं. "काय?" किंवा "पुन्हा बोल" असं मात्र त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

घरात धाकटी लेक होती. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि दिवसभर लोकांशी गोड बोलायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्यातला गोडवा संपलेला असायचा. गेल्या आठवड्यात शेजारचे लोक बसायला आले होते, तिने बाबांना शेडच्या किल्लीबद्दल विचारलं, पुन्हा विचारलं, बाबांनी दोन्ही वेळा हसून मान डोलावली, आणि तिचा पारा चढला. सगळ्यांसमोर ती म्हणाली की तुम्हाला कप्पाळ काही ऐकू येत नाही, एकदाचं ते मशीन लावून घ्या आणि आम्हाला सोडवा. हे त्यांना नीट ऐकू गेलं. ते उठले, हात धुतले आणि शेडमध्ये जाऊन बसले. त्यानंतर ते जेवायला आणि झोपायलाच तेवढे आत येत होते. धाकटीला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिने माफीसुद्धा मागितली नव्हती. माफी मागायची तर ती पुन्हा ओरडूनच मागावी लागली असती.

अशात थोरली, म्हणजे ताई, गाडी घेऊन आली. ताई परिचारिका, इस्पितळ शहराबाहेर, रोज पहाटे गाडी काढायची. पुढच्या चाकातून आवाज येत होता. गाडी लावून ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तिने आई आणि धाकटीला स्पष्ट सांगितलं, की हे शेवटचं. या वेळी आवाज गेला नाही तर पुढच्या खेपेला गाडी गॅरेजात, आणि बाबांचं ते ठोकाठोकीचं काम बंद. ज्यांना आवाज येत नाही त्यांनी आवाज शोधू नये. शेडमध्ये मग तिची गाडी उभी राहील. आई भांडी विसळत राहिली. धाकटी म्हणाली, बघू या तरी. तिने तेव्हाच मनात ठरवलं की या बेअरिंगवरून बाबांची शेड जाता कामा नये.

धाकटीच्या चेहऱ्याची घरात चेष्टा चालायची. तिच्या मनातलं सगळं तोंडावर दिसायचं. पत्ते खेळताना तिला कुणी जोडीला घेत नसे, कारण हातात चांगलं पान आलं की ते समोरच्याला आधी कळायचं. रविवारी सकाळी गाडी फिरवून बघायची ठरली तेव्हा आईने तिला बाजूला घेतलं. "जरा तोंड सांभाळ," आई म्हणाली. "तू आठ्या घातल्यास की त्यांना वाटतं त्यांच्यावरच. आधीच दुखावलेत." धाकटीला ते पटलं. तिने स्टिअरिंग हातात घेतलं, बाबा शेजारी बसले, आणि ती ओळखपत्राच्या फोटोसाठी बसावं तशी बसली.

मोकळ्या रस्त्यावर वेग धरला तशी घरघर सुरू झाली. बाबांनी हाताने खूण केली, डावीकडे घे. गाडी डावीकडे कलली आणि आवाज चढला. उजवीकडे घेतली, आवाज पडला. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो, आणि भार आला की दुखरं चाक ओरडतं. धाकटी हे शाळेत असल्यापासून शेडमधल्या स्टुलावर बसून शिकली होती, आणि तिला शिकवणारे शेजारीच बसले होते. त्यांनी पुन्हा खूण केली, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. ते तिच्याकडे वळून बसले होते. ती रस्त्याकडे बघत राहिली आणि तिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

घरी येऊन त्यांनी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही चाकं हाताने फिरवली, स्प्रिंगवर तळवा ठेवून पाहिला. अधांतरी चाकावर भार नसतो, त्यामुळे सुरुवातीचं दुखणं अशा वेळी लपून राहतं. डाव्या चाकाला ब्रेकचा पॅड किंचित घासत होता आणि त्याचीच बारीक थरथर स्प्रिंगमध्ये येत होती. बाबा बराच वेळ तळवा ठेवून बसले.

"डावं," ते म्हणाले.

ताई तिथेच उभी होती. तिने बाबांना काही विचारलं नाही. तिने धाकटीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

धाकटीच्या जिभेवर उजवं होतं. पण ते ताईसमोर म्हणणं म्हणजे शेडची किल्ली ताईच्या हातात देणं. "बाबा म्हणतात तेच," ती म्हणाली. ताई गेली की बाबांना हळूच सांगू, असं तिने ठरवलं. दोन्ही बाजूंना बेअरिंग एकाच मापाचं लागतं, त्यामुळे अजून काही बिघडलेलं नव्हतं.

ताई आईला घेऊन मावशीकडे गेली. बाबांनी मधल्या मोठ्या नटाला पाना लावला, पान्याला लांब पाईप जोडला आणि धाकटीला पाईपवर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, नट किंचाळून सुटला. चाक निघालं की सांगते, ती मनात म्हणाली. चाक निघालं. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून बाबांनी ब्रेक सुटा करून तारेने टांगून ठेवला आणि आज खूप दिवसांनी ते तिच्याशी बोलायला लागले. डेपोतल्या एका साहेबाची गोष्ट सांगितली, ज्याने उलट्या आट्यांचा नट सोडवतोय समजून घट्टच करत पाईप वाकवला होता. ती गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. ती हसली आणि सांगायचं राहिलं. बाबांचा आठवडाभराचा अबोला सुटला होता. त्यांचं बोलणं तोडायचं तिच्या जिवावर आलं.

हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो फिरता गाभा, ज्यात बसतो तो बिडाचा जड तुकडा त्यांनी गाडीपासून सोडवून व्हाइसमध्ये आवळला. असं घट्ट ठोकून बसवलेलं बेअरिंग बाहेर येताना जिवंत येत नाही. ओढताना त्याच्या गोळ्यांवर मार बसतो आणि ते निकामी होतं, चांगलं असलं तरीही. म्हणजे सांगायचं तर आत्ताच. बाबा पाठमोरे होते, पुलरचा स्क्रू पिळत होते, मध्येच घणाचा टोला देत होते.

"बाबा, उजवं आहे," ती त्यांच्या पाठीला म्हणाली.

ती साध्या आवाजात म्हणाली, शेजारच्या माणसाशी बोलावं तितक्या. बाबांनी पुढचा टोला दिला. ती पुन्हा म्हणाली नाही. आपण सांगितलं, त्यांनाच ऐकू आलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराने तिला क्षणभर हायसंसुद्धा वाटलं. मग तिला स्वतःची किळस आली. तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तर तिने तो तेवढा ठेवला होता. गेल्या आठवड्यात त्यांच्या बहिरेपणावरून तिने त्यांना चारचौघांत बोल लावला होता, आणि आज तिने त्याच बहिरेपणाचा आडोसा घेतला.

हब निघाला तो बेअरिंगची आतली कडी अंगाला घेऊनच. काही गोळ्या सांडून खालच्या ताटलीत खडखडल्या. बाहेरची कडी बिडात रुतून राहिली, जशी काही तिथेच जन्मली होती. तिला अडवणारी लॉक रिंग गंजली होती; तिचे दोन्ही कान मोडले, मग बाबांनी ती टोचून टोचून बाहेर काढली. कडीला तेल पाजून झालं. ब्लोलॅम्पने भोवतालचं बीड तापवून झालं. लांब बोल्ट, दोन पट्ट्या आणि पाईपचा तुकडा घेऊन घरच्या घरी केलेला दाब देऊन झाला. कडी ढिम्म हलेना. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला. पाना सटकून त्यांची बोटं बिडावर आपटली, सालं निघाली. ते रक्त चिंधीला पुसत पुन्हा पान्याला भिडले, आणि धाकटीला तिथे उभं राहवेना.

"राहू द्या ना, बाबा. गॅरेजमधून काढून आणू." हे ती मोठ्याने म्हणाली.

"निघेल," बाबा म्हणाले. "याला वाटतंय मी दमेन."

ते दमले होते. दोन टोल्यांच्या मधे आता घण जमिनीवर टेकत होता. एका चांगल्या, निरोगी बेअरिंगसाठी एक म्हातारा माणूस जीव काढत होता, आणि त्याची लेक त्याला कापडं, तेल आणि पाने देत होती. तिला रडू येत होतं. तिने ते ब्लोलॅम्पच्या धुरावर ढकललं.

दुपार कलल्यावर एकदाचा ठक्क असा आवाज आला आणि कडी सरकली. मग ती मुकाट्याने बाहेर आली. हबवर अडकलेल्या आतल्या कडीला बाबांनी ग्राइंडरने बेताची चीर दिली, हबला धक्का लागू न देता, आणि चिरेत छन्नी ठेवून एकच ठोका मारला. कडी तडकली. बाबांनी बाहेरची कडी उचलली, रॉकेलने धुतली, चिंधीने पुसली आणि तिच्या आतून नख फिरवलं. एकदा फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग ताटलीतली एक गोळी बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी उजेडाकडे केली. 

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "काही म्हणायचंय तुला?"

आता बोलून काय होणार होतं? बेअरिंग मेलं होतं. बोटं सोलली होती. तिने मान हलवली, नाही.

"मग चहा टाक," बाबा म्हणाले.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी फ्रीजमधलं बेअरिंग आणवलं. तापवलेल्या बिडात ते किती सहज गेलं म्हणून सांगू, बाहेरच्या कडीवर बेताचा दाब दिला आणि बसलं. आतल्या कडीवर कधी जोर द्यायचा नाही, नाही तर नवं बेअरिंग बसण्याआधीच बिघडतं, हे बाबांनी पूर्वीसारखं समजावून सांगितलं नाही. दमले असतील, असं धाकटीला वाटलं. तिला तसं वाटून घ्यायचं होतं. त्यांनी नवी लॉक रिंग बसवली, हब ओढून घेतला, ब्रेक जागेवर चढवला, नट आवळला. पत्र्यावरचं ऊन उतरलं तेव्हा गाडी चार चाकांवर उभी होती. ताईचा फोन आला की निघालोय, पोचतोच.

"फिरवून आणू," बाबा म्हणाले आणि शेजारी बसले.

सकाळचाच रस्ता. वेग धरला तशी घरघर सुरू झाली, अगदी सकाळचीच. धाकटीने दात घट्ट मिटले. ताईला काय सांगायचं, उद्या गुपचूप दुसरं बेअरिंग आणून उजवीकडचं कुठून बदलून घ्यायचं, याचा हिशेब तिच्या डोक्यात धावत होता. पहाटे ताई याच गाडीने निघणार आहे, हेही त्याच हिशेबात येऊन बसलं.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला," ती म्हणाली. तिचा चेहरा सकाळसारखाच सरळ होता.

"गाडी बाजूला घे."

तिने गाडी कडेला घेतली. इंजिन सुरूच होतं. बाबा तिच्याकडे वळले.

"तुला पत्ते खेळता येत नाहीत," ते म्हणाले. "आज बरे आले."

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला आवाज येत नाही," बाबा म्हणाले. "खूप दिवस झाले. घरघर तर मुळीच येत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघतो. आवाज चढला की तुझा एक डोळा बारीक होतो, लहानपणापासून. मी गाडी डावीकडे घ्यायला सांगायचो, उजवीकडे घ्यायला सांगायचो, आणि तुझ्याकडे बघायचो. समोरच्या डॉक्टरांची गाडी तशीच केली. ताईची मागची पण. एकही चुकली नाही." त्यांनी सोललेली बोटं चोळली. "आज सकाळी तू तोंड मिटून बसलीस. मला वाटलं, फरक पडत नसेल. मग मी हातावर गेलो, आणि हात पॅडला फसला."

धाकटीला सगळं एकदम दिसलं. गेल्या आठवड्यात ती ओरडली होती की तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ते इतकी वर्षं तिच्याच चेहऱ्याने ऐकत होते. त्यांना सांभाळायचं म्हणून तिने नेमकं तेच बंद केलं होतं. बाबा चुकले नव्हते. तिने त्यांना चुकवलं होतं.

बाबांनी खिशात हात घातला आणि एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती आरशासारखी होती, तिच्यात गाडीची अख्खी काच दिसत होती. "हिला काही झालेलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्हाला दुपारीच कळलं?"

तिचे ओठ बघून त्यांना प्रश्न कळला असावा. "नखाला कळतं अजून."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं की. चहाच्या आधी."

त्यांनी विचारलं होतं. आणि तिने मान हलवली होती. त्यानंतर त्यांनी ते चुकीच्या बाजूचं काम शेवटपर्यंत नीट केलं होतं, एकेक नट आवळत, ती आता सांगेल, मग सांगेल म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"उजवं आहे, बाबा," ती म्हणाली. "मला सकाळीच कळलं होतं. मी तुमच्या पाठीमागे बोलले, ऐकू जाऊ नये अशी बोलले." तिचा आवाज पार खाली गेला होता. इंजिनच्या आवाजात तो तिलाही जेमतेम ऐकू आला.

बाबांनी हात उचलला. सोललेल्या बोटांचा तो हात त्यांनी कानामागे धरला आणि ते तिच्याकडे झुकले. असं त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"मोठ्याने सांग," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

तिने मोठ्याने सांगितलं. पुन्हा सगळं, उजवं आहे इथपासून, गेल्या आठवड्याच्या माफीपर्यंत. बाजूने चाललेला एक माणूस थबकून गाडीत डोकावला आणि पुढे गेला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मान डोलावली.

"ताईला काय सांगायचं?" तिने तेवढ्याच मोठ्याने विचारलं.

"उजवं राहिलंय हे सांगायचं. उद्या तिने बसने जावं. आणि मला ऐकू येत नाही, हेही सांगेन."

"ती शेड बंद करायला लावेल."

"ते तुझ्यावर आहे," बाबा म्हणाले. "गाडी काढ. कोपऱ्यावर डावीकडे वळ."

तिने गाडी काढली. नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते, आणि तोंड सावरायची तिच्यात ताकद उरली नव्हती. कोपऱ्यावर तिने गाडी डावीकडे घेतली. घरघर चढली आणि तिचा एक डोळा बारीक झाला.

बाबा तिच्याकडेच बघत होते.

"उजवं," ते म्हणाले.